रंगाआधीचे दोन दिवस

शब-ए-बरात होऊन गेली की गावातल्या रंगाच्या दुकानांत गर्दी वाढू लागते. पुट्टीच्या पिशव्या, ब्रश, रोलर, रंगांच्या छटा दाखवणारी कार्डे यांची घेवाण-देवाण सुरू होते. शाबान निम्मा सरलेला असतो, रमजान पंधरवड्यावर आलेला असतो आणि त्यानंतर महिनाभरात ईद. शीरखुर्म्याला मोहल्ल्यातले येतील, तसे शेजारच्या आळीतले, कचेरीतले, शाळेतले मित्रही येतील. घर चारचौघांच्या नजरेला पडणार, म्हणून भिंती उजळून निघाव्यात असे प्रत्येकाला वाटते. दिवाळीच्या आधी गावाच्या दुसऱ्या भागात हेच चित्र दिसते. सण बदलला तरी दुकान तेच असते आणि पुष्कळदा रंगारीही तोच असतो.

अशा दिवसांत एखाद्या जुन्या घरात काय घडते ते पाहण्यासारखे आहे. घर आजोबांच्या काळातले. बाहेर ओसरी, आत माजघर. दारांच्या चौकटी सागवानी, वर कडीपाट, भिंतीत बसवलेले फडताळ आणि बैठकीच्या खोलीत कमरेइतक्या उंचीपर्यंत भिंतीला ठोकलेले लाकडी फळ्यांचे अस्तर. त्या अस्तराच्या वरच्या काठाला बोटभर रुंदीची कंगोरेदार पट्टी. रंगारी येतो, सगळे घर फिरून बघतो आणि विचारतो, ‘‘चाचा, लाकडाचं काय करायचं?’’

‘‘लाकडाला हात लावू नका मिस्त्री. फक्त भिंती,’’ चाचा म्हणतात. ‘‘पण चांद दिसायच्या आत उरका.’’

दोन्ही गोष्टी मनापासून सांगितलेल्या असतात, पण दोन्ही एकदम पाळणे अवघड असते. भिंत घासायला घेतली की पुट्टीची धूळ कंगोऱ्यांत जाऊन बसते. रोलर फिरतो तसे बारीक थेंब चौकटीवर उडतात. काठावरून ब्रश एखाद्या वेळी निसटतोच. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळे नीट न्याहाळतात तेव्हा भिंत छान पिस्ता रंगाची झालेली असते आणि सागवानावर सगळीकडे ठिपके असतात. कोणीतरी चिंधीवर थिनर घेऊन एक ठिपका पुसतो. ठिपका जातो, सोबत पॉलिशही जाते आणि खाली फिकट चट्टा उरतो. मग तोडगा निघतो. ‘‘आता चौकटीलाही ऑइलपेंटचा एक हात मारून टाका. नवं दिसेल.’’ दोन पिढ्यांनी जपलेले लाकूड अर्ध्या तासात चॉकलेटी रंगाखाली जाते.

जुन्या घरांतले नक्षीचे लाकूड रंगाखाली गेलेले दिसले की लोक म्हणतात, त्या काळच्या माणसांची आवडच तशी. काही घरांत ते खरे असेलही. पण पुष्कळ घरांत लाकडावर रंग चढतो तो आवडीने नव्हे, तर भिंतीच्या रंगाचे शिंतोडे लपवण्यासाठी. म्हणजे लाकडाचे नुकसान लाकडाला रंग देताना होत नाही. ते भिंत रंगवताना आणि त्याही आधी, न झाकता काम सुरू करताना होते. एवढी एक गोष्ट ध्यानात आली तरी अनेक घरे वाचतील.

भिंत आणि लाकूड यांत मोठा फरक आहे. भिंतीचा रंग चुकला, उडाला, आवडेनासा झाला तर चार-पाच वर्षांत दुसरा देता येतो. भिंत कितीही वेळा रंगते. लाकडाचे तसे नाही. एकदा ऑइलपेंट बसला की तो काढायला उष्णता द्यावी लागते, जळजळीत रसायन लावावे लागते किंवा पत्तीने खरवडावे लागते. या तिन्हींत कंगोऱ्यांची धार बोथट होते, फुलांच्या पाकळ्या सपाट होतात. सुताराने पटाशीने आठवडाभर बसून जे काढले ते खरवडणाऱ्याच्या हातून दुपारभरात जाते. पुण्याला गेलेली मंडळी विश्रामबाग वाड्याचा कोरीव लाकडी दर्शनी भाग मान वर करून कौतुकाने पाहतात, फोटो काढतात. घरी परतल्यावर मात्र स्वतःच्या ओसरीतल्या खांबाकडे कोणी तसे बघत नाही. खांब लहान असेल, पण तोही कोणा सुताराच्या हातचाच असतो. तो सुतार आणि घराचा मालक एकाच धर्माचे होते की नव्हते, हे कोणी त्या काळी विचारले नसेल.

मग रंगारी लाकूड झाकत का नाहीत? त्यांना कळत नाही म्हणून नव्हे. मुरलेल्या रंगाऱ्याला ते मालकापेक्षा चांगले कळते. अडचण हिशोबाची आहे. रंगाचे काम चौरस फुटावर ठरते. भिंत मोजली जाते, छत मोजले जाते, पुट्टीचे हात किती आणि रंगाचे हात किती ते ठरते. झाकण्याला चौरस फूट नाहीत. कागद लावणे, पट्टी चिकटवणे, चादरी बांधणे, काम झाल्यावर सगळे हलक्या हाताने सोडवणे, यात एका बैठकीच्या खोलीत दोन माणसांचा दिवस सहज जातो. संपूर्ण जुन्या घराला दोन दिवस लागतात. ते दोन दिवस कागदावर कुठेच नसतात. ज्या कामाची मजुरी मिळत नाही ते काम घाईच्या दिवसांत गळणारच. मालक दर पाडून घेतो, रंगारी तो दर परवडवण्यासाठी झाकणे सोडतो आणि दोघांच्या व्यवहारातले नुकसान मुकाट्याने लाकूड सोसते.

मजुराची मजुरी त्याचा घाम वाळण्यापूर्वी द्यावी, ही पैगंबरांची शिकवण मुस्लिम घरांतल्या लहान मुलांनाही ठाऊक असते. रमजानच्या महिन्यात ती हटकून आठवली जाते. ईदच्या आधी रंगाऱ्याचा हिशोब चुकता करणारी घरे गावोगावी आहेत, ही चांगलीच गोष्ट. पण हिशोब वेळेवर चुकता करणे आणि हिशोबात सगळे काम धरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या घामाची मोजणीच झाली नाही तो वाळला काय आणि न वाळला काय. रंगाच्या चिठ्ठीत ‘झाकणे : दोन दिवस’ अशी एक ओळ वाढवली, तर मजुराला न्याय मिळतो आणि लाकूडही वाचते.

झाकण्याच्या कामात कसब आहे, हे त्या पट्टीच्या इतिहासावरूनही दिसते. अमेरिकेत १९२०च्या दशकात दोन रंगांच्या मोटारी लोकप्रिय झाल्या. दुसरा रंग देताना पहिला झाकायला कारागीर कागद आणि जाड चिकटपट्टी वापरत, पण पट्टी ओढली की खालचा रंगही निघून येई. कारागिरांचा तो वैताग पाहून थ्रीएम कंपनीतल्या रिचर्ड ड्रू या तरुणाने १९२५मध्ये हलके चिकटणारी आणि डाग न ठेवता सुटणारी पट्टी तयार केली. आज दुकानात मिळणारी मास्किंग टेप ती हीच. तिची सारी गंमत घट्ट न चिकटण्यात आहे. म्हणून तिच्या जागी खोकी बंद करायची खाकी चिकटपट्टी लाकडावर लावणे म्हणजे शंभर वर्षांपूर्वीची चूक पुन्हा करणे होय.

जुन्या लाकडावर मास्किंग टेपसुद्धा जपूनच लावावी लागते. चपड्याचे, म्हणजे लाखेचे, जुने पॉलिश उन्हाने आणि वयाने कमकुवत झालेले असते. आधी दाराच्या मागे, कोणाला न दिसणाऱ्या जागी एक तुकडा चिकटवून दुसऱ्या दिवशी काढून पाहावा. पॉलिशचे पापुद्रे निघाले तर त्या लाकडावर पट्टी लावूच नये. तिथे फळी आणि भिंत यांच्या फटीत जाड पुठ्ठ्याची पट्टी सरकवावी किंवा एका हातात पातळ पत्रा धरून तो ब्रशसोबत पुढे सरकवत न्यावा. पट्टी चालणार असेल तर तिचा भिंतीकडचा काठ अंगठ्याने नीट दाबून बसवावा, म्हणजे रंग खाली झिरपत नाही. तिच्या खालच्या बाजूला प्लास्टिक किंवा जुनी साडी जमिनीपर्यंत सोडावी. कोरीव कामाला पट्टी नकोच. त्याला मऊ सुती कापड गुंडाळून सुतळीने सैल बांधावे. जमिनीवर नुसते प्लास्टिक घातले तर पाय घसरतो, म्हणून वर जुनी चादर हवी. आणि हे सगळे भिंत घासण्याच्या आधी व्हायला हवे. पहिला हात देताना झाकायला घेतले तर धूळ कंगोऱ्यांत केव्हाच पोचलेली असते.

पट्टी काढण्यातही घाई आणि आळस दोन्ही नडतात. शेवटचा हात पुरता कडक होण्याआधी ती हळूहळू, मागे दुमडत काढावी. चार-चार दिवस तशीच राहिली तर उन्हाने डिंक पक्का बसतो. रंग वाळून पट्टीला धरून राहिला असेल तर काठावर आधी पात्याने हलकी रेघ मारून घ्यावी. एवढे करूनही थेंब उडालाच, तर भिंतीचा पाण्याचा रंग ताजा असताना ओल्या फडक्याने पुसला की जातो. मागोमाग कोरडे फडके फिरवायचे. वाळलेला ठिपका कोमट ओल्या फडक्याने मऊ करून बांबूच्या काडीने अलगद उचलावा. थिनर आणि स्पिरिट दूर ठेवलेले बरे, कारण चपड्याचे पॉलिश स्पिरिटमध्येच विरघळवून तयार केलेले असते. काम संपल्यावर लाकडाला जवसाच्या तेलाचा हात द्यायचा असेल तर तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. ती उघड्यावर पसरून वाळवावीत किंवा पाण्यात भिजवून मग टाकावीत.

लाकडाच्या या जपणुकीत माणसांच्या जिवाचाही प्रश्न गुंतलेला आहे. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावे, हा नियम भारतात १ नोव्हेंबर २०१७पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइलपेंटांत शिसे सर्रास असे. म्हणजे जुन्या चौकटीवर, गजांवर, खिडक्यांवर चढलेले रंगाचे थर शिशाचे असण्याची शक्यता बरीच आहे. ते कोरडेच घासले की विषारी पूड हवेत मिसळते, जमिनीवर बसते आणि रांगणाऱ्या मुलाच्या हातातून तोंडात जाते. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला शिसे बाधते, ही वैद्यकशास्त्राने पक्की ठरवलेली गोष्ट आहे. म्हणून जुना रंग कधीही कोरडा घासू नये. पाणी मारून, ओला ठेवून घासावा, नाकातोंडाला चांगला मास्क असावा, मुलांना आणि गरोदर बाईला त्या दिवसांत दुसरीकडे ठेवावे आणि नंतर जमीन झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावी. थर घट्ट बसलेला असेल तर तो न छेडणे हेच सगळ्यांत शहाणपणाचे.

यात सगळ्यांत जास्त पूड कोण गिळतो? रंगारी. तो जर रोजा धरून काम करत असेल तर दिवसभर पाण्याचा घोटही नाही आणि घशात धूळ. घासण्याचे काम रमजान लागण्याआधी उरकता आले तर उत्तम. तसे जमले नाही, तर सहर करून, फज्रची नमाज पढून सकाळच्या गारव्यात काम सुरू करावे आणि दुपारी जोहरच्या सुमारास थांबावे. त्याने दोन दिवस वाढतील. रोजा नसलेला रंगारी घरात काम करत असेल तर त्याच्या चहा-पाण्याची आणि जेवणाची सोय घरच्यांनी आठवणीने करावी. रोजेदारांच्या घरात पाणी मागायला माणूस संकोचतो, म्हणून त्याने मागण्याची वाट पाहू नये.

घरातल्या बाईचे कष्टही या हिशोबात कधी धरले जात नाहीत. न झाकलेल्या शहाबादी फरशीवरचे ठिपके खरवडत बसते ती तीच. फडताळातली भांडी धुळीने भरली म्हणून पुन्हा धुते तीही तीच. संध्याकाळी इफ्तारची भजी तळायची असतात, फळे चिरायची असतात, आणि दुपार जाते रंगाऱ्याच्या मागे फडके घेऊन फिरण्यात. झाकण्याचे दोन दिवस वाचवले असे घरातल्या पुरुषांना वाटते. खरे तर ते वाचलेले नसतात. ते तिच्या आठ दुपारींतून वसूल झालेले असतात.

दिवाळी आणि ईद यांत एक फरक मात्र रंगकामाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. दिवाळी दरवर्षी पावसाळा सरल्यावर येते. रमजान चांद्र वर्षाप्रमाणे दरसाल सुमारे ११ दिवस अलीकडे सरकतो आणि साधारण ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. २०११मध्ये तो ऑगस्टच्या भर पावसात आला होता, २०१६मध्ये जूनमध्ये मृगाच्या सुमारास. पावसाळ्यात लाकूड फुगते, उन्हाळ्यात आकसते. पॅनेलच्या दारातली मधली फळी सुतार खाचेत सैल बसवतो तो याचसाठी, तिला हलायला जागा हवी म्हणून. त्या खाचेत रंग किंवा पुट्टी भरली की फळी जखडते आणि उन्हाळ्यात तडकते. भिंत आणि चौकट यांच्यामधली बारीक फट दरवर्षी पुट्टीने बुजवणारेही हीच चूक करतात. ओलसर भिंतीवर रंग टिकत नाही हे तर सगळ्यांना माहीत आहे. तेव्हा ईद पावसाळ्यात येणाऱ्या वर्षी रंग आधीच्या उन्हाळ्यातच काढावा, नाहीतर सरळ सोडून द्यावा. रंग नसलेल्या घरातही शीरखुर्मा तितकाच गोड लागतो.

घरांचे जे होते तेच सार्वजनिक जागांचेही होते. रमजानच्या आधी मशिदीची रंगरंगोटी निघते. कोणी भाविक सवाबच्या, म्हणजे पुण्याच्या, भावनेने रंगाचे डबे देतो. डबे उरतात, आणि उरलेला चकचकीत हिरवा रंग जुन्या लाकडी मिंबरला लागतो. ज्या पायऱ्यांवर उभे राहून पिढ्यान्‌पिढ्या इमामांनी खुतबा दिला त्या लाकडाचा पोत पुन्हा दिसत नाही. जुन्या देवळांच्या सभामंडपांतले खांबही याच वाटेने गेले आहेत. दोन्हीकडे देणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, म्हणून कमिटीतले कोणी बोलत नाही. बोलायला हवे. डबे देणाऱ्याचे आभार मानावेत आणि दुसऱ्या एखाद्याला विचारावे की तुम्ही झाकण्याच्या दोन दिवसांची मजुरी द्याल का. डबा उघडण्याआधी गावातल्या जाणत्या सुताराला बोलावून, कशाला रंग द्यायचा आणि कशाला नाही, हे विचारून घ्यावे. तो कोणत्या धर्माचा आहे याने काही बिघडत नाही. लाकूड ओळखणारा असला की पुरे.

यावर काहींचे म्हणणे असते की हे चोचले पैसेवाल्यांचे. एका खोलीत सहा माणसे राहतात, तिथे कसले कंगोरे आणि कसले पॉलिश! हे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. पत्र्याच्या घराला चुन्याचा हात मिळाला तरी ईद साजरी होते. पण अशा घरातही एखादे आजीचे कपाट, एखादी नक्षीची पेटी, एक जुने दार असते. त्याला झाकायला जुनी चादर आणि दोन आण्यांची सुतळी लागते, पैसेवाला माणूस लागत नाही. दुसरे म्हणणे, ऑइलपेंटने लाकूड टिकते. पावसाचा मारा खाणाऱ्या बाहेरच्या खिडक्यांच्या बाबतीत ते खरे आहे. तिथे रंग हवाच. घरातल्या कोरड्या सागवानाला त्याची गरज नसते. आणि वाळवीला रंग अडवत नाही. ती आतून पोखरते, वरचा रंग शाबूत दिसतो आणि एक दिवस चौकट हाताने दाबली तरी आत जाते. उघड्या लाकडात वाळवी लवकर दिसते, एवढा तरी फायदा आहे.

ईदच्या दिवशी पाहुणे येतील. पिस्ता रंगाची भिंत पाहून ‘छान दिसतंय घर’ म्हणतील. चौकटीबद्दल बहुधा कोणी काही बोलणार नाही, कारण ती होती तशीच असेल. चाचांना मात्र माहीत असेल की ती तशीच राहावी म्हणून मिस्त्रींनी दोन दिवस काम केले आणि त्या दोन दिवसांचेही पैसे चांदरातीच्या आधी त्यांच्या हातात पडले.